पेटीतून घरी आलेली नात : आजीने काय शिकावं, काय सोडावं

माझी नात ११ ऑक्टोबरला जन्मली. डॉक्टरांनी दिलेली तारीख होती २० डिसेंबर. म्हणजे पोटात तीसच आठवडे, आणि वजन १ किलो २४० ग्रॅम. ४६ दिवस ती दवाखान्यात होती. आधी काचेच्या पेटीत, मग पेटीबाहेर आईच्या छातीशी. २६ नोव्हेंबरला १ किलो ८६० ग्रॅमची होऊन ती कोथरूडला आमच्या घरी आली. लेक बाळंतपणाला माझ्याकडेच होती, त्यामुळे पुढचे कितीतरी महिने बाळ माझ्या डोळ्यांसमोर वाढलं.

मी शाळेत शिवण शिकवायचे. माझी दोन आणि जावांची तीन अशी पाच मुलं मी न्हाऊमाखू घातली आहेत. पण ती सगळी भरल्या दिवसांची. अपुऱ्या दिवसांचं बाळ मांडीवर घेतलं तेव्हा कळलं, की माझ्या गाठीच्या निम्म्या गोष्टी इथे चालायच्या नाहीत आणि काही तर बाळाला बाधतील. दवाखान्यात सिस्टर आईवडिलांना सगळं समजावून सांगतात. आजीला कोणी बसवून सांगत नाही, आणि घरी दिवसभर बाळाजवळ असते ती आजीच. म्हणून हे खास आज्यांसाठी लिहिते आहे.

निळं वय आणि लाल वय

बाळ घरी आल्यावर पहिलं काम करा ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर. मी निळ्या शाईने जन्मापासूनचे आठवडे मोजून लिहिले आणि लाल शाईने २० डिसेंबरपासूनचे. डॉक्टर दुसऱ्याला ‘दुरुस्त केलेलं वय’ म्हणतात. आमच्या घरात ‘निळं वय’ आणि ‘लाल वय’ असेच शब्द रूढ झाले.

लस निळ्या वयाने. बाळ लहान दिसतं म्हणून इंजेक्शन पुढे ढकलायचं नाही. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस जन्मतारखेवरूनच मोजायचे. आमचे सहा आठवडे दवाखान्यातच भरले, तेव्हा पहिला डोस तिथेच झाला. दहा आठवडे भरले ते नेमके २० डिसेंबरला. ज्या दिवशी ती जन्मायची, त्या दिवशी ती दुसरं इंजेक्शन घेऊन रडत होती.

बाकी सगळं लाल वयाने: हसणं, मान धरणं, पालथं पडणं, बसणं, वरचं अन्न. साधारण दोन वर्षांची होईपर्यंत असंच मोजायचं. हे घरात सगळ्यांच्या डोक्यात बसलं, की बरीचशी उगाचची काळजी जाते. जानेवारीच्या मध्यावर आमच्याकडे आलेल्या एक बाई म्हणाल्या, “तीन महिने झाले ना, अजून हसत नाही?” माझ्या लेकीचा चेहरा उतरला. मी त्यांना कॅलेंडरपाशी नेलं आणि लाल अंक दाखवला, चार आठवडे. नात हसली ती ३ फेब्रुवारीला. निळ्या वयाने सोळा आठवडे, लाल वयाने सहा. अगदी वेळेवर.

अजून एक वाक्य तुमच्या कानावर येणारच: “सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही.” आम्हाला ते दवाखान्याच्या जिन्यातच ऐकावं लागलं. हे साफ चूक आहे. पोटात काढलेल्या प्रत्येक आठवड्याने फुप्फुसं, आतडी, मेंदू थोडे थोडे तयार होतात. आठव्यातल्या बाळाला सातव्यातल्यापेक्षा जास्तच बळ असतं. बाळंतिणीच्या कानावर हे जाऊ देऊ नका. जो म्हणेल त्याला तिथेच थांबवा.

ऊब

भरल्या दिवसांच्या बाळाच्या कातडीखाली चरबीचा थर असतो. आपल्या बाळाचा तो थर साठायच्या आतच ते बाहेर आलेलं असतं. त्याला थंडी वाजली तर ते कुडकुडत नाही, रडतही नाही. गप्प होतं आणि अंगातली ताकद ऊब राखण्यात खर्च करतं. मग दूध पितं तरी वजन वाढत नाही. पुण्याची थंडी दुपारी कळत नाही, पहाटे चार-पाचला कळते, तेव्हा बाळ त्या वेळी हाताने पाहायचं.

पाहायचं कसं, ते सिस्टरांनी लेकीला दाखवलं आणि लेकीने मला. आपल्या हाताची पालथी बाजू आधी बाळाच्या पोटाला लावायची, मग तळपायाला. दोन्ही कोमट तर उत्तम. पोट कोमट आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्या. पोट आणि पाय दोन्ही गार लागले तर छातीशी धरूनच डॉक्टरांना फोन करा, थांबायचं नाही. काखेत थर्मामीटर लावलात तर ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस हे बरोबर.

आता ‘कांगारू’. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशा बाळांना दिवसातले ८ ते २४ तास असं ठेवावं. एकट्या आईला हे झेपत नाही. बाबांनी करावं, आजीनेही करावं. दुपारी दोन ते चार माझी पाळी असायची.

मी कशी बसायचे ते सांगते. आंघोळ झालेली, अंगाला अत्तर-पावडर नाही, गळ्यात मंगळसूत्र नाही. पुढून उघडणारा सुती ब्लाउज. पाठीला दोन उशा देऊन अर्धवट रेलून बसायचं. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे. त्याला उभं धरून आपल्या छातीच्या मधोमध टेकवायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले, हात कोपरात वाकलेले, डोकं एका कुशीला. हनुवटी छातीत घुसू द्यायची नाही आणि मान मागेही पडू द्यायची नाही. किंचित वर, जशी आपण वास घेताना धरतो तशी. मग जुन्या मऊ साडीचा चौपदरी पट्टा बाळाच्या कानाच्या खालच्या कडेपर्यंत आणून पाठीमागे घट्ट बांधायचा, वरून शाल. नाक आणि तोंड सतत आपल्याला दिसलं पाहिजे. एकदा घेतलं की निदान तासभर तरी काढायचं नाही, कारण घेताना-ठेवतानाच त्याची झोपमोड होते. आपल्याला डुलकी येत असेल तर बाळ दुसऱ्याकडे द्यायचं.

पहिल्या दिवशी तिचं डोकं माझ्या गळ्याखाली होतं आणि टोपड्यातून तिचा श्वास मला जाणवत होता. भरभर, मग क्षणभर थांबून, पुन्हा भरभर. वीसेक मिनिटांनी तो संथ झाला. मी दोन तास पाण्याचा घोटही घेतला नाही. (तुम्ही घ्या. शेजारी तांब्या भरून ठेवूनच बसा.) अडीच किलोच्या आसपास गेल्यावर बाळ स्वतःच वळवळून पाय काढायला लागतं, तेव्हा कांगारू सोडायचं.

कपड्यांचं माझं जरा जास्त सांगून होईल, पण तेवढं सहन करा. तुळशीबागेत सगळ्यात लहान म्हणून जे झबलं मिळतं ते या बाळाला गुडघ्याखाली जातं आणि गळ्यातून खांदा बाहेर येतो. मोठ्या कपड्यात हवा शिरते आणि बाळ गारठतं. आमच्या बाळाच्या छातीचा घेर होता ११ इंच. मी ह्यांच्या जुन्या धोतराचं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं कापड घेतलं, १३ इंच घेर धरला आणि पुढून पूर्ण उघडी, एकावर एक पदर येणारी सहा झबली शिवली. बटण नाही, बंद. तोही कुशीला, पाठीखाली गाठ येऊ नये म्हणून. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली, आतून कातडीला टोचत नाही. डोक्यावरून घालायचं झबलं या बाळाला नकोच, मान सांभाळताना आपलीच तारांबळ उडते. टोपडं मात्र दिवसरात्र, कारण अशा बाळाच्या अंगाच्या मानाने डोकं मोठं असतं आणि तिथूनच ऊब जाते.

खोली अशी असावी की आपल्याला स्वेटर न घालता बसता यावं. कोळशाची शेगडी खोलीत अजिबात आणू नका. बंद खोलीत तिचा वायू आपला आणि बाळाचा दोघांचा घात करतो. न्हाणं म्हणाल तर दोन-अडीच किलोपर्यंत रोजची आंघोळ नाही, कोमट पाण्याच्या फडक्याने एकेक अवयव उघडून पुसायचा आणि लगेच झाकायचा. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या येणाऱ्या न्हाऊ घालणाऱ्या मावशींना मी स्वतः भेटून सांगितलं, की बाळाला फेब्रुवारीपासून, तोवर माझ्या लेकीला शेकून न्हाऊ घाला. त्या रागावल्या नाहीत.

दूध

हे बाळ भुकेने रडून उठेल अशी वाट पाहू नका. ते झोपून राहतं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, उठवून पाजायचं. तीन तासांच्या वर जाऊ द्यायचं नाही. उठवायचं म्हणजे हलवायचं नाही. दुपटं सैल करा, तळपायावर बोटं फिरवा, लंगोट बदला.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एकत्र करायला हे बाळ अजून शिकत असतं. अंगावर दहा मिनिटं प्यायलं की ते दमून झोपतं. म्हणून आधी अंगावर, मग काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (चोच असलेल्या लहान वाटीने), असं आमचं चालायचं. बोंडलं आपल्या माळ्यावर असतंच. पण ते दहा मिनिटं उकळून घ्या आणि त्याची चोच बोटाने तपासून पाहा. आमच्या जुन्या बोंडल्याच्या चोचीला बारीक धार आली होती, म्हणून मी नवीन स्टीलचं आणलं.

पाजताना बाळ आडवं नको, मांडीवर अर्धवट बसतं धरायचं. चोच खालच्या ओठावर, तोंडाच्या कोपऱ्याशी टेकवायची आणि एवढंच तिरपं करायचं की दूध ओठाला लागेल. ते जीभ बाहेर काढून स्वतः ओढतं. गिळल्याचं दिसलं की मगच पुढचा थेंब. जुन्या बायका बोंडलं घशाशी नेऊन ओततात, मीही माझ्या मुलांना तसंच पाजलं आहे. या बाळाला तसं ओतलं तर दूध श्वासनलिकेत जाईल. पिताना ओठाभोवती निळसर दिसलं, बाळ थांबून टक लावून पाहायला लागलं, तर बोंडलं बाजूला, बाळ उभं, श्वास नीट होईपर्यंत थांबा.

काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चोवीस तास, असं आम्हाला सांगितलं होतं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं नाही, गरम पाण्याच्या वाटीत वाटी ठेवायची.

वजन आठवड्यातून एकदाच, त्याच काट्यावर, उघड्या अंगाने. दिवसाला २० ते ३० ग्रॅम म्हणजे छान. घरी काटा आणून रोज वजन करू नका. आम्ही आठ दिवस ते केलं आणि घरातला प्रत्येक माणूस काट्याकडे बघून जेवायचा की नाही ते ठरवायला लागला. त्यापेक्षा वहीत पाजल्याची वेळ आणि लंगोट लिहा. चोवीस तासांत सहा-आठ ओले लंगोट असले की पोटात दूध पुरेसं जातं आहे.

आणि ज्या अंगातून हे दूध येतं तिची काळजी घ्या. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर सगळं करा, पण तिला झोप द्या. पहाटे पाचचं पाजणं मी घेतलं, तिचं काढून ठेवलेलं दूध बोंडल्याने द्यायचे, म्हणजे तिला सलग चार तास मिळायचे. एका रात्री ती मोरीत पंप धूत उभी होती, नळ चालू, आणि रडत होती. “आई, मीच नीट सांभाळलं नाही गं तिला पोटात.” असं काही नसतं. दिवस अपुरे राहायला शंभर कारणं असतात आणि पुष्कळदा एकही सापडत नाही. हे तिला एकदा सांगून भागत नाही, रोज सांगावं लागतं. दोन-दोन आठवडे तिचा चेहरा उतरलेलाच राहिला, बाळाला घ्यावंसंही वाटेना, झोपायला मिळूनही झोप लागेना, तर तिला डॉक्टरांकडे न्या. तेही बाळंतपणाचंच दुखणं आहे.

काय काय सोडलं

धुरी. मला ओवा-बाळंतशेपाच्या धुरीचा वास फार प्रिय आहे. पण ज्या फुप्फुसांना दवाखान्यात ऑक्सिजन लावला होता, त्यांना धूर नको. उदबत्ती आणि डासांची कॉइलही त्या खोलीत नको, मच्छरदाणी लावा.

बाळगुटी आणि मध, दोन्ही नाही. सहाण मी धुऊन कपाटात ठेवली. दुधाशिवाय आणि डॉक्टरांच्या औषधांशिवाय या बाळाच्या पोटात काही जायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही. काजळ नाही. टाळूवर तेल थापून ती ‘भरायची’ नाही. टाळू आपोआप भरते. कोमट खोबरेल तेलाने हलक्या हाताने अंग चोळायला आमच्या डॉक्टरांनी परवानगी दिली, नाक ओढणं आणि हातपाय ताणणं सोडून.

मोहरीची उशी आणि साडीची झोळी सोडताना मला सगळ्यात जड गेलं. झोळीत अंग मुटकुळं होतं, हनुवटी छातीवर पडते आणि या बाळाची मान ती उचलू शकत नाही. श्वासाची वाट तिथेच बंद होते. उताणं, सपाट घट्ट गादीवर, डोक्याजवळ काहीही न ठेवता झोपवायचं.

दार

आमच्या दारात साबण, पाणी आणि धुतलेल्या पंचांची चवड. बाहेरून आलेल्याने कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच आत. सर्दी-खोकला असलेल्याने यायचं नाही, मग तो सख्खा मामा का असेना. पापी घ्यायची नाही. हे सांगायचं काम आजीचं. सुनेने किंवा लेकीने सांगितलं तर लोक नावं ठेवतात, पांढऱ्या केसांनी सांगितलं की ऐकतात.

बारसं आम्ही लाल वयाच्या बाराव्या दिवशी केलं, ३१ डिसेंबरला, घरातल्या पाच माणसांत. संध्याकाळी सातच्या आत उरकलं, म्हणजे रात्रीच्या फटाक्यांआधी खिडक्या बंद.

रात्री

हे बाळ झोपेत फार आवाज करतं. कण्हतं, कुंथतं, ताणतं. श्वास पाच-दहा सेकंद थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, तेवढं चालतं. पण श्वास वीस सेकंद थांबला किंवा ओठ-जीभ निळी पडली, तर तळपायावर टिचकी मारा आणि १०८ ला फोन करा. शांत असताना मिनिटाला साठाच्या वर श्वास, छाती आत ओढली जाणं, कण्हत श्वास घेणं, दूध तोडणं, लोळागोळा होणं, अंग गार पडणं किंवा ताप, हिरवी उलटी, झटके, तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहायची नाही. मी हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवलं, खाली दवाखान्याचा नंबर आणि रात्री येईल अशा रिक्षावाल्याचा.

तपासण्या आणि थेंब

डोळ्यांच्या तपासणीबद्दल मात्र हात जोडून सांगते. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोच्या आतल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटतो आणि बाळ कायमचं आंधळं होतं. वेळेत कळलं तर लेझरने किंवा इंजेक्शनने ते टळतं. पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत, फारच लहान बाळाची दोन-तीन आठवड्यांतच, आणि पडदा पूर्ण होईपर्यंत डॉक्टर सांगतील त्या तारखेला पुन्हा पुन्हा. वरून डोळे कितीही टपोरे दिसोत, आतलं आपल्याला दिसत नाही. घरी आल्यावर एक तारीख थंडीमुळे पुढे ढकलूया असं मीच म्हणाले होते. जावयांनी ऐकलं नाही, गुंडाळून रिक्षाने नेलं. त्यांचं बरोबर होतं.

कानाची ‘बेरा’ तपासणीही तीन महिन्यांच्या आत करून घ्या. आणि वाढीची तपासणी सोडू नका. आपल्या पुण्यातच केईएम रुग्णालयाने १९८७ ते १९८९ मधल्या दोन किलोखालच्या बाळांवर ती मोठी होईपर्यंत लक्ष ठेवलं होतं. बाळ घरी गेलं म्हणजे काम संपलं असं तिथल्या डॉक्टरांनीही मानलं नाही.

औषधांत लोह आणि ड जीवनसत्त्व असतंच. ड जीवनसत्त्वाची पहिली बाटली संपली तेव्हा दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली. मी नेहमीसारखं एक मिली देत राहिले. चौथ्या दिवशी चष्मा लावून वाचलं, तर जुनीत एका मिलीत ४०० युनिट होती, हिच्यात ८००. डॉक्टर म्हणाले, तीन दिवसांनी काही बिघडलं नाही, आता अर्धा मिली द्या. तेव्हापासून नवी बाटली आली की आकडा वाचायचा, चिकटपट्टीवर माप लिहून लावायचं आणि मगच जुनी टाकायची.

उष्टावण

११ एप्रिलला निळ्या वयाने सहा महिने भरले आणि साताऱ्याहून नातेवाइकांचे फोन सुरू झाले, उष्टावण कधी? लाल वय चार महिनेही नव्हतं. मान अजून डुगडुगत होती, चमचा ओठाला लावला की जीभ तो बाहेर ढकलत होती. आमच्या डॉक्टरांनी लाल वयाचे सहा महिने सांगितले होते, आम्ही तेच धरलं.

२० जूनला बाहेर पाऊस होता. ती उशीला टेकून बसली होती, मान ताठ. नाचणीचं सत्त्व पातळ शिजवून, दुधाच्या थेंबात कालवून, चांदीच्या वाटीत घेतलं होतं. पहिला चमचा तिने जिभेवर घेतला, तोंड वाकडं केलं, गिळला, आणि वाटीकडे हात नेला. दोन चमचे दिले. तिसरा ठेवून दिला, दुसऱ्या दिवसासाठी नव्हे. पहिल्या दिवशी दोनच द्यायचे असतात. वाटी धुऊन मी कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलं: नाचणी, दोन चमचे, उलटी नाही.